जर्सीच्या आत

पुणे, २८ सप्टेंबर २०२५

आईला रुद्राणीचा शरणार्थ.

सुखरूप पोचले. फोन केला तर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहिलं तर ते आडतीवर आप्पांच्या हातात जातं. आप्पांचा माझ्याशी अबोला, ते माझा निरोप तुला काय वाचून दाखवणार! तेव्हा कागदच बरा. तू उत्तर लिही, पोस्टात टाकायचं काम शिवप्रकाशदादाला सांग. धाकट्या बहिणीसाठी एवढं तर करेल तो.

आमच्या संघाचं नाव ‘सह्याद्री वाघिणी’. नाव ऐकून हसू नकोस. हॉस्टेलवर आम्ही बारा जणी आहोत. बोरीत मला सगळे खांब म्हणायचे, इथं माझ्याहून वीतभर उंच एक पंजाबची मुलगी आहे, तिच्याशेजारी उभी राहिले की मला बरं वाटतं. निकिता मॅडम आमच्या प्रशिक्षक. त्या कमी बोलतात, शिट्टी जास्त वाजवतात. बास्केटबॉलच्या सहा संघांची लीग आहे, प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं, म्हणजे दहा सामने, जानेवारीपर्यंत. करार एका हंगामाचाच आहे. दहा सामन्यांत मी काय करते ते बघून पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते ठरणार. ठेवलं तर मी खेळाडू, नाही ठेवलं तर बोरीला येऊन आप्पा दाखवतील त्या स्थळासमोर चहाचा ट्रे घेऊन उभी राहणार.

आता तू ज्यासाठी हे पत्र भरभर वाचते आहेस ते सांगते. सरावाच्या सामन्यात पंचांनी माझ्या गळ्याकडे बोट केलं. खेळताना अंगावर धातू नको, दोरा नको, काही नको, असा नियम आहे. मी म्हणाले, हा दागिना नाही, इष्टलिंग आहे, आम्हा लिंगायतांत ते अंगावरून उतरत नाही. मॅडम पंचांशी बोलल्या आणि परवानगी मिळाली, कागदावर लिहून. आता मी त्याची चांदीची डबी छातीशी चपटी धरते, वरून रुंद पट्टी गुंडाळते आणि त्यावर जर्सी घालते. कुणाला दिसतसुद्धा नाही.

सकाळी पूजेला तळहातावर घेते, तेवढंच. तू निश्चिंत राहा.

तुझी
रुद्राणी

•

बोरी, ६ ऑक्टोबर

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, मग उशीखाली ठेवलं. मोबाईलची अक्षरं मला मुंग्या चालल्यासारखी दिसतात, कागदावरची तुझी अक्षरं मात्र तुझ्यासारखीच उंच आहेत.

परवानगीचं वाचून जीव भांड्यात पडला. तू निघालीस त्या दिवशी आप्पा काय म्हणाले ते तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. ‘पोरगी धाडायलीस, धाड. पर तिथं गळ्यातलं उतरवून ठिवलं, तर चार लोकांत म्या कुठल्या तोंडानं बसायचं?’ मी म्हणाले, ‘तिची जामीन मी हाय. मी शपथ घालून धाडायले तिला.’ तेव्हापासून ते जेवताना माझ्याकडे बघत नाहीत.

तू सातवीत होतीस तेव्हाचं आठवतं का? सिद्धोधन सरांनी शर्यतीच्या वेळी तुझ्या गळ्यातलं काढून टेबलावर ठेवलं होतं. मी कणकेच्या हातानं तशीच शाळेत गेले. सर भला माणूस, त्यांनी हात जोडले. त्यांनीच पुढं तुला तो चेंडू हातात दिला. पण त्या दिवशी मी सगळ्या शाळेसमोर बोलले ते बोललेच. रुद्रे, अंगावरचं लिंग उतरतं ते एकदाच, माणूस गेल्यावर, हे मला माझ्या आईनं सांगितलं आणि मी तुला सांगितलं. कुठंही जा, चड्डी घालून पळ, लोक काय म्हणतात त्याची मला फिकीर नाही. एवढं एक पाळ.

इकडं पावसानं सोयाबीन काळं पडलं. आडतीवर माल येतो तो हातात घ्यावासा वाटत नाही. मला जेवल्यावर पोट जड वाटतं, बाकी बरी आहे. शेजारची सरजाबाई विचारत होती, तुझी पोरगी नक्की काय खेळते? मी म्हणाले, टोपलीत चेंडू टाकते. ती म्हणाली, त्याला पुण्याला कशाला जायला लागतं?

तुझी आई

•

पुणे, २४ ऑक्टोबर

आईला शरणार्थ.

दोन सामने झाले, दोन्ही हरलो. पहिला एकवीस गुणांनी आणि दुसरा नऊ. पहिल्यात मला चार मिनिटं आत घेतलं, दुसऱ्यात अकरा. इथली जमीन लाकडी आहे, इतकी गुळगुळीत की पाय ठरत नाही. बोरीत मुरुमावर खेळायची सवय, इथं थांबायला गेलं की घसरायला होतं.

दिवाळीला सगळ्या मुली घरी गेल्या. मी आणि पंजाबची तेवढ्या राहिलो. मेसमध्ये केशरबाई आहेत, आमच्या जर्सी धुतात, टॉवेल सांभाळतात. त्यांनी घरून करंज्या आणल्या. तुझ्या करंजीची सर नाही, पण खाल्ल्या.

तू जामीन राहिलीस हे मला माहीत नव्हतं. तू असं कशाला बोललीस आई? आप्पांना जे म्हणायचं ते म्हणू द्यायचं होतंस.

पट्टीचं विचारशील म्हणून लिहिते. पट्टी नीट बसते. धावताना डबी हलत नाही. थोडं घासतं, पण त्याचं काही नाही.

रुद्राणी

•

बोरी, ३ नोव्हेंबर

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

जमीन गुळगुळीत आहे म्हणे! नाचता येईना अंगण वाकडं. दुसऱ्या संघाच्या मुली काय झाडावर खेळत होत्या?

मधे परभणीला जाऊन आले. पोटाचं दाखवून घे म्हणून आप्पा आणि दादा दोघंही मागं लागले होते. वयाचं आहे, दुसरं काय. औषध चालू आहे. तिथं एक गंमत झाली. एक शिकलेला माणूस माझ्याशी वाद घालायला लागला. ‘मावशी, देव मनात असला म्हणजे झालं, गळ्यात कशाला लागतो?’ मी त्याला चांगलं सुनावलं. म्हणाले, ‘माझी लेक पुन्याला हजार मानसांपुढं पळायली, तिच्या अंगावरनं उतरलं न्हाई. तिथल्या पंचानं कागद लिहून दिलाय. तुमी कोन लागून गेलात?’ मान हलवत आत निघून गेला बिचारा. आप्पा बाजूलाच उभे होते. मला लय बरं वाटलं.

माझ्या लेकीनं माझी मान उंच केली बघ. हरता तर हरा. आप्पा परवा जेवताना पहिल्यांदा म्हणाले, ‘पुढचा सामना कधी हाय तिचा?’ मी ऐकू न आल्यासारखं केलं, म्हणजे त्यांना परत विचारावं लागलं.

तुझी आई

•

पुणे, २० नोव्हेंबर

आईला शरणार्थ.

त्या माणसाचं वाचलं. बसमध्ये भेटला होता का? अशा लोकांशी कशाला तोंड लावतेस? आणि माझं नाव असं कुणालाही सांगत जाऊ नकोस. मी काही फार मोठं करत नाही गं. खरंच नाही.

पाच सामने झाले. चार हरलो आणि एक, कोल्हापुरात, जिंकलो. त्या दिवशी मी चौदा गुण केले. मॅडमनी शिट्टी तोंडातून काढून माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्यांच्या भाषेत शाबासकी. बसमध्ये सगळ्या ओरडत होत्या, मला मात्र खिडकीकडे बघत बसावंसं वाटत होतं. का ते भेटल्यावर सांगेन.

१३ डिसेंबरला आमचा सामना पुण्यातच आहे. दादाला घेऊन ये ना. परभणीहून रात्रीच्या गाडीनं निघालात तर सकाळी इथं. आप्पा येणार नाहीत, पण विचारून बघ. तू एकदा समोर बसलीस की मला तुझ्याशी नीट बोलता येईल. पत्रात काही गोष्टी लिहायला हात धजत नाही.

पोटाचं काय? औषध कसलं दिलं ते लिहिलं नाहीस. दादाला दोनदा फोन केला, तो म्हणतो आईलाच विचार. त्याला काय झालंय?

रुद्राणी

•

बोरी, ५ डिसेंबर

चि. रुद्राणीस आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, माफ कर. मांडीवर कागद घेऊन लिहिते आहे.

१३ तारखेला येणं होत नाही. येळवशीची अमावास्या आली, पालमला माझ्या भावानं आठवडाभर आधीच बोलावलं आहे. शेतात भज्जी करायची, अंबील करायची, वहिनीच्या एकटीनं होत नाही. दादाला काही विचारू नकोस, त्याच्या डोक्याला आडतीचा ताप आहे. तू सामन्यात लक्ष घाल. हंगाम अर्धा झाला, आता मागं बघायचं नाही. तुला पुढच्या वर्षी ठेवलं पाहिजे, तेवढी एकच माझी इच्छा आहे.

‘थोडं घासतं’ असं लिहिलं होतंस ना, ते मनात राहिलं. पट्टीनं छातीवर चट्टा पडला असणार. माझ्या जुन्या सुती लुगड्याच्या दोन पट्ट्या शिवून पाठवते आहे. दुहेरी आहेत, मऊ आहेत. टाके मोठे पडलेत, हल्ली बसून शिवणं होत नाही. आधी खोबरेल लाव, मग ही पट्टी, मग वरून तुझी. चट्ट्यावर घाम लागू देऊ नकोस.

हल्ली पडल्या पडल्या तुझंच डोळ्यापुढं येतं. एवढ्या धक्काबुक्कीत तू पाळतेस, मग मला काय धाड भरली आहे, असं वाटतं आणि बळ येतं.

आई

•

पुणे, २२ डिसेंबर

आई,

शरणार्थ लिहायला हात होत नाही. आधी सगळं वाच, मग काय म्हणायचं ते म्हण.

तू पाठवलेल्या पट्ट्या मिळाल्या. माझ्या छातीवर चट्टा नाही. कधीच नव्हता. मी डबी बांधून खेळतच नाही. पंचांनी कुठलाही कागद दिला नाही. मॅडम त्यांच्याशी बोलल्या हे खरं, पण ते म्हणाले, काढ नाही तर बाहेर बस. मी दोन मिनिटं बाहेर बसले. तिसऱ्या मिनिटाला काढलं.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याला काढते. केशरबाईंकडे देते. त्या हात धुऊन घेतात, पदराच्या गाठीत बांधतात आणि सामना संपेपर्यंत ती गाठ मुठीत धरून बसतात. त्यांच्यात हे नाही, तरी करतात. मी सामना संपला की आधी त्यांच्याकडे पळते. कोल्हापुरात जिंकलो तेव्हाही माझा गळा मोकळाच होता. सगळ्या ओरडत होत्या आणि मला वाटत होतं, हे चौदा गुण तुला कसे सांगू?

तुझ्या पट्ट्या आल्या त्यानंतर चारच दिवसांनी नववा सामना होता, नाशिकला. केशरबाईंच्या लेकीचं बाळंतपण होतं, म्हणून त्या आल्या नाहीत. मी डबी बुटांच्या पिशवीत, तुझ्या पट्टीत गुंडाळून ठेवली. शेवटचे सात सेकंद उरले होते, आम्ही एका गुणानं मागं होतो आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. समोर कुणी नाही, रेषेवर एकटीनं उभं राहून टाकायचे. एक गेला तर बरोबरी, दोन गेले तर जिंकलो. मला लहानपणापासून सवय आहे, टाकायच्या आधी छातीवर हात लावायची. हात लावला, तिथं काही नव्हतं. दोन्ही चुकले. आत येऊन बघते तर पिशवी नाही. सामान बसमध्ये चढवलं होतं आणि बस डिझेल भरायला गेली होती. दोन तास मी पायरीवर बसून होते. पंजाबची माझ्याशेजारी बसली, तिला काही कळत नव्हतं, तरी बसली. बस आली, पिशवी मिळाली, डबी मिळाली. पण त्या दोन तासांत मी ठरवलं की आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही.

मी भ्याले होते. तुला वाईट वाटेल म्हणून भ्याले, आणि तू परत बोलावशील म्हणून त्याहून जास्त भ्याले. नंतर तू जामीन राहिलीस असं लिहिलंस, मग तर तोंडच उघडेना. तू ज्याला त्याला माझं सांगत होतीस, ते वाचून मला लाज वाटायची.

आता एकच सामना राहिलाय, १० जानेवारीला. तू म्हणालीस तर तो सोडून येते. आप्पांना सांगायचं तर सांग. मला रागाव, पण लिही.

रुद्राणी

•

बोरी, २ जानेवारी २०२६

चि. रुद्राणीस,

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. हे फोनवर बोलायचा प्रयत्न दोनदा केला. नंबर लावला आणि ठेवून दिला. म्हणून लिहितो.

तुझ्या आईच्या गर्भपिशवीला गाठ आहे. दिवाळीनंतर परभणीला नेलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. लगेच ऑपरेशन केलं तर बरी होईल, उशीर नको, असं स्पष्ट म्हणाले. भरती केलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नर्सनं गळ्यातलं काढायला सांगितलं. तिनं नाही म्हटलं. डॉक्टर बाहेर आले, समजावलं. तिनं त्यांना तुझं सांगितलं. पंचांचा कागद सांगितला. तो शिकलेला माणूस म्हणजे डॉक्टर. तिनं तुला ते गंमत म्हणून लिहिलं असेल.

मी मठाच्या स्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, ‘नवऱ्याच्या तळहातावर ठेवा आणि जावा आत, लिंग कुठं जात न्हाई.’ ते मी कागदावर लिहून तिला दाखवलं. मी तिच्या पाया पडायचाच बाकी होतो. ज्या गोष्टीसाठी मी तुझ्याशी बोलणं सोडलं, तीच करायला मी तिला विनवत होतो. ती म्हणाली, ‘मी तिला शपथ घातली आनि मीच मोडू? पोरगी तिथं पाळायली, कोन्या तोंडानं काढू?’ आणि गाडीत येऊन बसली. नंतर कुठलं कुठलं काढ्याचं औषध घेत राहिली. तुला कळवलं तर तू हंगाम सोडून येशील, म्हणून मला आणि दादाला तिनं माझ्या आईची शपथ घातली होती. पालमला वगैरे ती गेली नाही. येळवशीला ती खाटेवरच होती.

तुझं पत्र २७ तारखेला आलं. तिनं स्वतः वाचलं, दोनदा वाचलं. मला वाटलं, आता रडेल नाही तर चिडेल. तिनं मला हाक मारली. गळ्यातला दोरा स्वतःच्या हातानं वर काढला, डबी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, ‘चला दवाखान्यात.’ दादानं गाडी काढली.

डॉक्टर तेच होते. तपासलं, फोटो काढले. गाठ आता लिव्हरपर्यंत पसरली आहे. पोट उघडून उपयोग नाही म्हणाले. किती दिवस, ते मी विचारलं. ते तुला कागदावर लिहीत नाही.

तुला बोल लावायला हे लिहिलेलं नाही. बोल लावायचा तर माझ्यापासून सुरुवात करावी लागेल. मी तिला जामीन व्हायला लावलं नसतं, तर तू वेळेत खरं लिहिलं असतंस. हे मला गेले सहा दिवस समजतं आहे आणि त्याचं काय करायचं ते समजत नाही.

ती म्हणते आहे, दहावा सामना खेळून ये. मी म्हणतो, पत्र मिळताच नीघ. तिनं चार ओळी लिहिल्या आहेत, त्या सोबत ठेवतो. मी वाचल्या नाहीत.

आप्पा

•

रुद्रे,

पडून लिहिते आहे, जेवढं होईल तेवढं. आप्पा काहीबाही लिहितील, ते मनावर घेऊ नकोस. सामना सोडू नकोस, मॅडमना सांग की आई बरी आहे. त्या केशरबाईंना माझ्याकडून लुगडं दे.

मी तुला एवढी भीती घातली होती का गं? काढलंस ते चांगलं केलंस. मी तिथं असते तर मीच काढून घेतलं असतं, पोरीला बाहेर बसलेलं मला बघवलं नसतं. तुझं पत्र वाचून इतकं हलकं वाटलं. वाटलं, चला, आता आपल्यालाही मोकळं झालं, आत्ताच जाऊ आणि काय कापायचं ते कापून घेऊ. गाडीत मी दादाला सांगत होते, संक्रांतीला रुद्री आली की तिळाच्या पोळ्या मीच करणार.

ऑक्टोबरातच का नाही लिहिलंस?